कोऱ्या मलमलीची चोळी

कोऱ्या कापडाला एक वास असतो. शिळ्या पेजेचा, थोडा मातीचा, आणि त्याखाली कुठल्याशा दूरच्या, ओल धरलेल्या गोदामाचा. घडी मोडली की आधी तो नाकाशी येतो आणि मग कापड दिसते. लोकांना हा गंध मोठा प्रिय. लग्नघरात पाऊल टाकताच कोऱ्याचा वास आला म्हणून बायका हरखतात. मला मात्र तो आला की हातांना चाळा लागतो. समोरच्या कापडाचे टोक मी बोटांत घासून बघते, उजेडाला धरते, पुन्हा घासते, आणि शेजारी बसलेली बाई विचारते, काय हो, कसर लागली का कापडाला? काय सांगणार तिला! एका जागी बसून एक काम स्वस्थ चित्ताने करणे मला बालपणापासून जमलेले नाही, हे माझ्या आईचे जुनेच गाऱ्हाणे होते. पण या वासाची अस्वस्थता स्वभावाच्या पलीकडची आहे, आणि ती सांगायची तर वऱ्हाडातल्या त्या उन्मत्त वर्षांकडे वळले पाहिजे, ज्या वर्षांत कापसाने आमच्या लोकांची डोकी फिरवली होती.

माझे सासर भातकुलीच्या पलीकडे. तिथली जमीन इतकी काळी आणि इतकी खोल की चैत्र-वैशाखात तिला पडलेल्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. सातासमुद्रापार कुठेतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आहे, तिकडचा कापूस अडला आहे, आणि म्हणून आपल्या कापसाला कुणी ऐकला नव्हता असा भाव आला आहे, एवढे ओसरीवरच्या बोलण्यातून आम्हा बायकांच्या कानी येई. लढाई कोण लढते आणि कशासाठी, याचे कुणालाच सोयरसुतक नव्हते. ती संपू नये, एवढीच साऱ्यांची इच्छा. सासऱ्यांनी बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या बसवल्या, स्वतःला जरीकाठी पागोटे घेतले आणि ते डोक्याला जड होते म्हणून दिवसभर हातात घेऊन हिंडू लागले. आसमंतात सदा कापसाचे तंतू तरंगत; ते दुधावर बसत, भाकरीच्या पिठात मिसळत, डोळ्यांच्या कडांना चिकटत. कुणाचा पाय घरात ठरत नसे. आज अमरावती, उद्या अकोला, परवा पुन्हा अमरावती, अशी सारी गावे चाकांवर आल्यासारखी झाली होती.

आणि गंमत पाहा, घरात आढ्यापर्यंत कापूस रचलेला असताना अंगावर घालायला सूत मिळेनासे झाले. हाती आलेले बोंडनबोंड बाजाराकडे जाई. सूत कातायला पेळू उरत नसे. गावचा कोष्टी माग उभा करून ठेवून व्यापाऱ्याच्या गाठोड्यांत कापूस तुडवायला जाऊ लागला, कारण त्यात विणण्यापेक्षा सुखाची भाकरी होती. मग नेसायचे काय? तर जे बाहेरून येईल ते. बाजारात विलायती कापडाच्या ठाणांचे डोंगर उभे राहिले होते. आमचाच कापूस बोटीत बसून गेला आणि कापड होऊन परत आला, असे सासरे मोठ्या कौतुकाने सांगत, जणू घरचा मुलगा काशीला जाऊन शिकून आला होता.

पण ही गोष्ट कापसाची नाही, रखमाबाईची आहे. ती माझी थोरली जाऊ. चारचौघांत मी तिला अहो-जाहो करी, दोघीच असलो की अगं म्हणे, आणि तिला ते आवडत असे. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा पहिल्या रात्री आईच्या आठवणीने रडत होते तर ही जवळ येऊन बसली आणि म्हणाली, रडून झालं की सांग, झोपायले जागा दाखवतो. एवढेच. वऱ्हाडी बोलणे पुण्याकडच्या माणसाला काठीसारखे लागते म्हणतात. रखमाबाईचे आम्हालाही लागे. पण तिनेच मला सारे शिकवले. पदराची झोळी कमरेला कशी बांधली म्हणजे वेचलेल्या कापसाने पोट ओढले जात नाही, बोंडाच्या काट्यावर बोट कसे तिरपे न्यावे, सासूबाई रागावल्या की कोणत्या कामाला हात घालावा. मागच्या पटकीच्या साथीत तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, एका दिवसात गेले. मूलबाळ नव्हते. ती त्यानंतरही तशीच राहिली, कमी बोलणारी, कामाला वाघीण. फक्त वेचताना ती माझ्या तासाच्या, म्हणजे झाडांच्या ओळीच्या, शेजारचे तास धरू लागली. आम्ही दोघी अख्खा दिवस एकमेकींशी न बोलता पुढे सरकत असू आणि संध्याकाळी मला वाटे, आज आपण खूप बोललो.

आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरे लग्न लावतात. रखमाबाईच्या भावाने तिच्यासाठी स्थळ आणले ते अकोल्याचे. सोनाजी नावाचा बिजवर, चांगल्या गाड्या-बैलांचा धनी, कापूस वाहून वर आलेला. तो एकदा ओसरीवर येऊन बसला, रखमाबाईने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, तो मान खाली घालूनच पाणी प्याला, आणि स्थळ पसंत पडल्याचे तिच्या भावाने जाहीर केले. रखमाबाईला विचारले तेव्हा ती म्हणाली, तुमी म्हनसान तसं. सासूबाईंचा मात्र जीव खाली-वर होऊ लागला. वेचणीला माणूस मिळत नव्हते, गावोगावचे हात कापसाने पळवले होते, आणि अशा काळात घरची दोन हातांची नव्हे, चार हातांची सून निघून चालली होती. पंचांपुढे त्यांना नाही म्हणता आले नाही. पण त्यांनी दोन गोष्टी बजावून ठेवल्या. या घरचा सुताचा धागाही तिच्या अंगावर जाता कामा नये, जुन्या घरचे सूत नव्या घराला बाधते. आणि पाटाच्या वेळी काही विपरीत घडले, चार माणसांत मान खाली घालायची पाळी आली, तर तो देवाचा कौल समजून सून इथेच राहील. पंचांनी माना डोलावल्या. असे वचन द्यायला पंचांचे काय जाते?

सोनाजीने नव्या नवरीसाठी अकोल्याच्या बाजारातून लुगडे आणले आणि चोळीसाठी विलायती मलमल. गुलाबी, मधे मधे पांढरी बुट्टी. त्याने ओसरीवर ती घडी उलगडून उभी केली आणि भाबड्या अभिमानाने म्हणाला, "उभी केली त उभीच रायते, पाहा. अशी दाट मलमल इकडं कोनी पाह्यली नसन." खरोखरच ती उभी राहिली. हात लावला तर करकर वाजली. साऱ्या गावाने येऊन ती बोटांनी चाचपली आणि माणूस पैशापरी पैसा टाकणारा दिसतो असा निर्वाळा दिला. आमच्याकडे कापड ओळखण्याची हीच रीत. कापड दाट, ताठ, वाजणारे, म्हणजे उत्तम.

ही चोळी शिवायची कोणी? शिंपी पाटाची चोळी हाती घेत नसे; लग्नाची गिऱ्हाइके बिथरतात म्हणे. विधवेने स्वतःची स्वतः शिवायची नाही. लेकुरवाळ्या सवाष्णी तिच्यापासून चार हात दूर राहणार. मग सासूबाईंनी माझ्याकडे बोट केले. "तूच शिव. तुह्या मांडीवर अजून लेकरू नाई, तुले काय बाधनार हाय?" त्या दुष्टपणाने बोलल्या नाहीत. घरात कुणी रिकामे आहे का ते पाहावे तशा सहज बोलल्या, आणि म्हणूनच ते शब्द कुसळासारखे आत राहिले. मी कापड उचलले आणि माजघरात गेले.

पाटाच्या कापडाला पाणी लागू द्यायचे नाही. ते कोरेच अंगावर चढले पाहिजे. तेव्हा आहे तसेच जमिनीवर पसरून मी रखमाबाईची जुनी चोळी मापाला घेतली. पाठ, पुढचे भाग, बाह्या, काखेतल्या कळ्या, आणि पुढची गाठ मारायला दोन टोके; खणाच्या चोळीचे हे सारे हिशेब आईने माझ्या हातांना शिकवले होते, त्यासाठी डोक्याला तसदी द्यावी लागत नसे. पण या कापडाने पहिल्या कापापासून कुरबुर मांडली. कातर चालवली की चर्र आवाज होई आणि कडेला पांढुरकी भुकटी पडे. सुई ओढली की टाक्याच्या भोकातून तीच भुकटी. थोड्या वेळाने माझ्या मांडीवर जात्याशी बसल्यासारखे पीठ जमले. मी ते बोटावर घेऊन जिभेला लावले. पीठ नव्हते. तांदळाची खळही नुसती नव्हती. दाताखाली बारीक कचकच करणारी माती होती. वैशाखातले ऊन बाहेर भणभणत होते, खिडकीतून तापलेल्या कडुलिंबाचा कडवट वास येत होता, आणि मला उगीचच वाटू लागले की आपण कापड शिवत नसून एखादी भिंत शिवतो आहोत.

मग माझ्या हनुवटीवरून घामाचा एक थेंब पाठीच्या तुकड्यावर पडला. मी चटकन पदराने टिपायला गेले आणि हात थांबला. थेंब पडला तेवढ्याच जागी कापड नाहीसे झाले होते. म्हणजे होते, पण त्यातून खालच्या माझ्या लुगड्याचा हिरवा रंग असा स्वच्छ दिसत होता की एखाद्या झरोक्यातून पाहावे.

कातरणाचा एक तुकडा घेऊन मी न्हाणीत गेले. तांब्यात बुडवला, चोळला. पाणी ताकासारखे पांढरे झाले आणि हाती जे उरले ते कोळिष्टक होते. तळहातावर पसरले तर रेषा दिसत होत्या, सुईने टोचलेला ठिपकासुद्धा. हा सारा ताठा, हा सारा दाटपणा, हे करकर वाजणे म्हणजे खळ आणि माती होती. कापड असे त्यात जवळजवळ नव्हतेच. सोनाजीला कुणी फसवले होते आणि सोनाजीने अजाणता आम्हाला. गावभरच्या शहाण्या बोटांनी जे चाचपून वाखाणले ते चिखलाचे लिंपण होते.

आणि पाटाला तर पाणीच मुख्य. लग्नासारखी मंगलाष्टके त्यात नसतात. नव्या जोडप्याला पाटावर बसवतात, तिचा पदर खांद्यावरून काढून त्याच्या उपरण्याशी बांधतात, आणि एखादी वडीलधारी विधवा दोघांच्या डोक्यावर घागर ओतते; मागचे सारे त्या पाण्याबरोबर वाहून जावे म्हणून. पंचांच्या, पुरुषांच्या समोर. पदर खांद्यावर नसताना. मी न्हाणीच्या दगडावर तशीच बसून राहिले. ओली चिंधी हाताला चिकटली होती आणि ती काढून टाकायचेही सुचेना.

इथे मला एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. मला रखमाबाई जायला नको होती. तिचे भले व्हावे हे मला समजत होते, ओसरीवरचे सारे तेच बोलत होते, आणि मीही तोंडाने तेच बोलत होते. पण रात्री पडल्यावर पुढच्या वेचणीत शेजारचे तास रिकामे असेल एवढाच विचार येई आणि झोप उडून जाई. नवरा होता, चांगला होता, पण तो अमरावतीच्या रस्त्यावर. त्या घरात माझे म्हणावे असे माणूस तीच एक होती. आणि आता देवाने, नाही तर कुठल्या गिरणीवाल्याने, माझ्या हाती असे काही दिले होते की मी नुसते गप्प बसले असते तरी पुरे होते. चोळी सांगितली तशी शिवायची. कुणी मला विचारणार नव्हते, कुणी दोष देणार नव्हते; कापड त्याचे, रीत साऱ्यांची. पाणी पडेल, चार माणसांत हसे होईल, सासूबाई कौल सांगतील आणि रखमाबाई राहील. मान खाली घातलेली, गावाच्या तोंडी लागलेली, पण राहील.

मी ते दोन दिवस कसे काढले ते माझे मलाच ठाऊक. सुई हातात धरली की टाका वाकडा जाई, उसवी, पुन्हा घाली. उठून गोठ्यात जाई, गाईच्या गळ्याखाली हात घाली, परत येई. सासूबाई म्हणाल्या, हिच्या पायाले काय भवरा लागला हाय? मी पाणी आणायला गेले आणि रिकामी घागर घेऊन परतले. आकाश पांढरेफटक, झाडाचे पान हलत नाही, आणि माझ्या आत मात्र सारखे कुणी येरझारा घालते आहे. कधी मनाला सांगे, तिने कुठे तोंड उघडून हो म्हटले आहे. तुमी म्हनसान तसं, हे काय होकार झाले? कधी वाटे, अगं, ती बिचारी अजून तरुण आहे, तिला तिचे घर मिळते आहे, आणि तुला वेचणीला सोबत हवी म्हणून तू तिला भर सभेत उघडी पाडणार? या विचारापाशी आले की सुई खाली ठेवी. पण मी पुन्हा वळून पहिल्या विचारापाशी जाई, हेही खरे.

दुसऱ्या दिवशी कलत्या दुपारी रखमाबाई पडवीत ज्वारी निवडत बसली होती. सूप हलत होते, कोंडा उडत होता, तिच्या कपाळावर घामाला धूळ चिकटली होती. मी तिच्याकडे पाहिले आणि काही न ठरवताच समोर जाऊन बसले, ओली केलेली चिंधी तिच्या तळहातावर ठेवली.

"अगं, हे पाह्य जरा. पानी लागलं की असं होते."

तिने बोटे मिटली, उघडली. तिच्या मनगटावरचे गोंदलेले तुळशीवृंदावन त्या कापडाआड पानापानासकट दिसत होते. मला वाटले घाबरेल, सोनाजीला शिव्या घालेल, निदान माझा हात धरेल. तिने चिंधी उचलून मला परत दिली आणि सूप पुन्हा हाती घेतले.

"मंग?"

"आतून अस्तर लावू. कोनाले समजनार नाई."

"जमलं त लाव," ती म्हणाली आणि निवडू लागली.

एवढ्यावर माझ्या डोक्यावरचे ओझे उतरायला हवे होते. उतरले नाही, पण हाताला काम मिळाले. अस्तर आणायचे कुठून? घरचे कापड चालणार नव्हते, या घरचे सूत तिच्या अंगावर जायचे नव्हते. बाजारात पुन्हा तेच विलायती लिंपण. माझ्या पेटीत तळाशी एक कापड होते. माझे माहेर बाळापूरचे. तिथल्या मागावरचे ते बाळंत्याचे कापड आईने लग्नात माझ्याबरोबर दिले होते, पहिल्या लेकराच्या झबल्याला म्हणून. सायीसारखा रंग, हाताला मऊ, आणि मुख्य म्हणजे कोरे. पाणी न लागलेले, आणि या घरचे नसलेले. मी ते बाहेर काढले तेव्हा त्यात ठेवलेला वाळा खळकन खाली पडला. फार विचार केला नाही. फार विचार केला असता तर परत ठेवले असते.

झिरझिरीत कापडाला अस्तर लावणे म्हणजे दोन माणसांना एकाच चालीने चालवणे. एक ताठ, एक मऊ. एक पाण्यात पसरणार, एक आटणार. शिवलेला भाग मी सारा उसवला. प्रत्येक तुकडा अस्तरावर ठेवून आधी लांब कच्चे टाके घातले, हाताने सारखा केला, मग दोन्ही मिळून एक समजून शिवत गेले. शिवण आधी सुलट बाजूने घातली, कडा बारीक कातरून उलटवली आणि पुन्हा आतून घातली, म्हणजे वरचे कापड विरले तरी आतली एकही कड डोळ्यांना दिसू नये. खांद्याशी अस्तर केसभर सैल ठेवले. कोरे सूत पाण्याने आखडते, हे आईचे शिकवणे. वाऱ्याची झुळूक नव्हती. मातीची भुकटी बोटांच्या भेगांत जाऊन चरचरत होती. पण त्या संध्याकाळी मी कित्येक दिवसांत प्रथमच एका जागी बसले होते, आणि ते माझ्या ध्यानात आले तेव्हा उजेड संपत आला होता.

सासूबाईंनी चोळी हाती घेतली, तोलली. अनुभवी हात, वजन त्यांना लगेच कळले. त्यांनी कड उलटून पाहिली. मला वाटले, संपले सारे.

"हे कोनाचं?"

"माहेरचं."

त्यांनी ते कापड माझ्या पेटीत पाहिले होते. कशासाठी होते तेही त्यांना ठाऊक होते. त्यांनी ती कड अंगठ्याने गोंजारली. मग म्हणाल्या, "तुह्या लेकराले काय घालशीन मंग?"

"लेकरू येईन तवा पाहू."

त्यांनी चोळी घडी घालून माझ्याकडे दिली आणि उठून गेल्या. आयुष्यभर त्या बाईला मी कजाग म्हणत आले. ती होतीच कजाग. पण त्या क्षणी ती चोळी पंचांपुढे टाकून त्यांना काहीही म्हणता आले असते, आणि त्यांनी म्हटले नाही.

पाट गावाबाहेरच्या, आमच्या गोठ्यापासून हाकेवर असलेल्या विहिरीपाशी, दिवस मावळताना लागला. सवाष्णींनी जायचे नाही, म्हणून मी आमच्या गोठ्यामागे तुराट्यांच्या कुडाशी उभी राहून पाहत होते. पश्चिमेला गढूळ तांबडे आभाळ, धुळीत परतणारी गुरे, विहिरीवर माणसांच्या काळ्या आकृती. पदराची गाठ बांधली. घागर उचलली गेली. माझे हात कुडाच्या काटक्यांवर इतके घट्ट होते की एक मोडली. पाणी पडले. सोनाजी दचकून हसला. रखमाबाई हलली नाही; ओली पाठ माझ्याकडे होती आणि त्या पाठीवर गुलाबी रंगाखाली सायीचा रंग उमटला होता, बस, दुसरे काही नाही. कुणी वळून पाहिले नाही, कुणी कुजबुजले नाही. मी कुडाला टेकून खाली बसले आणि मला रडू आले. ते आनंदाचे होते असे तेव्हा मी स्वतःला सांगितले.

गाडी गोठ्यामागेच जुंपून ठेवली होती. नवी नवरी मागे न पाहता थेट गाडीत चढते. पण गाडीच तिथे होती, त्याला मी काय करणार? सोनाजी जुवाशी बैलांची सापती नीट करत होता. रखमाबाई चाकाशी आली, मला पाहिले, आणि थांबली. ओल्या चोळीतून पाणी ठिबकत होते. मी नकळत तिच्या खांद्याची शिवण चाचपली. अस्तर बरोब्बर बसले होते, कुठे ओढ नव्हती, कुठे चुणी नव्हती. माझा मलाच अभिमान वाटला. ती आता काही गोड बोलेल म्हणून मी वाट पाहत राहिले. तिच्या तोंडून गोड शब्द ऐकायची तेवढी एकच वेळ होती.

ती माझ्या कानाशी वाकली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हते. झोपायची जागा दाखवतो म्हणाली होती तोच आवाज होता.

"तू मले दाखवलंच काहून? पान्यात उघडं पडलं असतं, त मी राह्यली असती."

आणि ती चाकावर पाय देऊन वर चढली.

मी तिथेच उभी. बैल हलले, गाडीचा कणा कुरकुरला, धूळ उडाली. ते वाक्य तिने स्वतःच्या मनातले सांगितले, की माझ्या मनातले तिला आधीपासून दिसत होते आणि जाता जाता माझी समजूत घालायला ती तसे बोलली, हे विचारायला मला गाडीमागे धावायला हवे होते. तुमी म्हनसान तसं आणि जमलं त लाव, या दोन बोलण्यांत एक बाई मला काही सांगत होती. आणि मी, जिला तिच्याशी न बोलता दिवसभर बोलता येत असे, मी नेमके तेव्हाच सुईकडे पाहत होते. निदान आज तरी मला तसे वाटते. उद्या कदाचित उलटेही वाटेल.

सोनाजी वाईट निघाला असता तर मला स्वतःवर चिडता आले असते. तो चांगला निघाला. तिकडची लढाई संपली, भाव कोसळले, कितीकांच्या बैलांच्या शेंब्या विकल्या गेल्या. पण त्याने तिला उपाशी ठेवले नाही, हात उगारला नाही. अकोल्याहून येणाऱ्या गाडीवानांना मी विचारी, आणि ते सांगत, बरी हाय म्हने. दर साली तेच, बरी हाय म्हने. पुढे मलाही मुले झाली, नातीच्या पाटीवर मी अक्षरे गिरवली आणि आता हे लिहू शकते आहे. मधल्या काळात माहेरी बाळापूरला मी कित्येकदा गेले. वाट अकोल्यावरूनच जाते. गावाची वेस दिसू लागली की मी गाडीवानाला सांगे, आत नको, बाहेरून घे. तो म्हणे, बाई, फेरा पडन. पडू दे, मी म्हणे.